कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात काय दडलंय?

शाळेला अचानक सुट्टी मिळाली की काय वाटतं, हे तुम्हांला सांगायला नकोच! पण दोस्तांनो, एक सुट्टी अशीही होती की तिचा कुणालाच आनंद झाला नाही.

२०१६ सालच्या जानेवारी महिन्याचे शेवटचे दिवस. मुंबईत गोवंडी, देवनार भागातली मुलं सकाळी उठून बघतात तर काय, खिडकीबाहेर सगळं धुरकट. थंडीचं धुकं म्हणावं, तर डोळे चुरचुरायला लागले, घसा खवखवायला लागला. देवनारच्या कचराभूमीला आग लागली होती. मुंबईकर तिला सरळ ‘डंपिंग’ म्हणतात. १९२७ सालापासून मुंबईचा कचरा तिथे पडत आला आहे. धूर इतका होता की आसपासच्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. खिडक्या लावून, नाकाला रुमाल बांधून घरात बसायची सुट्टी! तो धुराचा लोट उपग्रहानं अंतराळातून टिपला आणि अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेनं तो फोटो प्रसिद्धही केला.

अग्निशमन दलाचे बंब रात्रंदिवस पाणी मारत होते. आग इथे विझली की तिथे डोकं वर काढायची. ती कुणी लावली, कशी लागली, यावर पुढे चौकश्या झाल्या, आरोप झाले. तो भाग आपण मोठ्यांवर सोडू. मला प्रश्न पडला तो वेगळाच. कचऱ्यात भाजीची देठं, सालं, खरकटं. सगळं ओलं आणि कुजकं. ओलं लाकूड चुलीत घातलं तर ते नुसतं धुमसतं. मग हा ओलाकच्च डोंगर दिवसच्या दिवस जळतो कसा?

त्याचं उत्तर डोंगराच्या पोटात आहे. कचऱ्याच्या मोठ्या ढिगात सुकं प्लॅस्टिक, चिंध्या, कागद असतातच. पण त्याहून आत, खोलवर, एक वायू सतत तयार होत असतो. त्याला ना रंग ना वास. (डंपिंगजवळ नाक धरावं लागतं ते त्याच्याबरोबर निघणाऱ्या दुसऱ्या वायूंमुळे.) पण काडी लागली की हा भडकतो. त्याचं नाव मिथेन. कार्बनचा एक अणू आणि त्याला चिकटलेले हायड्रोजनचे चार अणू, एवढंच त्याचं कुटुंब.

या मिथेनचा शोध कसा लागला ते ऐका. ‘व्होल्ट’ हा शब्द तुम्ही बॅटरीवर वाचला असेल. तो ज्यांच्या नावावरून आला ते इटलीचे शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा १७७६ साली माज्जोरे नावाच्या सरोवरावर गेले होते. काठाशी दलदल होती. व्होल्टासाहेबांनी काठीनं तळाचा चिखल ढवळला, तर बुडबुड बुडबुड असे बुडबुडे वर आले. आपण असतो तर हसून पुढे गेलो असतो. त्यांनी ते बुडबुडे पाण्यात उलट्या धरलेल्या बाटलीत गोळा केले, त्यांना ज्योत दाखवली, आणि ती हवा निळसर ज्योतीनं जळू लागली! चिखलाखाली कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून हा वायू येतो, हे त्यांनी ताडलं.

तळ्याच्या तळाशी आणि देवनारच्या ढिगात सारखं काय आहे, सांगा बघू? दोन्हीकडे हवा पोहोचत नाही!

सगळी गंमत इथेच आहे. कुठलीही सेंद्रिय वस्तू, म्हणजे केळ्याची साल घ्या किंवा उरलेला भात घ्या, आपोआप नाहीशी होत नाही. तिला सूक्ष्मजीव खातात. हवेतला ऑक्सिजन मिळत असेल तर तो वापरणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. ते सालीचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाणी, उष्णता आणि थोड्या खतात करतात. पण तीच साल गाडीतून डंपिंगवर गेली, तिच्यावर आणखी दहा गाड्या रिकाम्या झाल्या, वरून बुलडोझर फिरला, तर? आतला ऑक्सिजन थोड्याच दिवसांत संपतो. मग पाळी येते दुसऱ्या जमातीची. या जमातीला ऑक्सिजन म्हणजे विष. ती मंडळी अंधारात, दाबाखाली, उबेत सुखानं राहतात आणि मिथेन सोडतात. गाईम्हशींच्या पोटात आणि पाणी भरलेल्या भातखाचरांतही तीच असतात. १९७७ पर्यंत सगळे त्यांना जीवाणूच समजत होते. त्या वर्षी अमेरिकेतले कार्ल वोज आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिलं, की हे जीवाणू नव्हेतच, ही सजीवांची एक वेगळीच प्राचीन शाखा आहे. म्हणजे कचऱ्याच्या डोंगरात पृथ्वीवरचे फार जुने रहिवासी नांदत असतात, आणि आपण त्यांना रोज गाड्या भरभरून जेवण पाठवतो!

‘पाठवू देत, आपलं काय बिघडलं?’ असं कुणी म्हणेल. तर ऐका. मिथेन हवेत साधारण पाच ते पंधरा टक्के मिसळला की ठिणगीसरशी स्फोट होऊ शकतो. म्हणून कचराभूमीच्या आसपास खेळायला कधीही जायचं नाही, हे आधी सांगून ठेवतो. पण त्याहून मोठी गोष्ट आभाळात घडते.

पृथ्वीभोवती काही वायूंची गोधडी आहे, हे तुम्ही भूगोलात शिकला असाल. उन्हानं तापलेल्या जमिनीची उष्णता ही गोधडी बाहेर जाऊ देत नाही. गोधडी अजिबात नसती तर आपण गारठून गेलो असतो. पण ती जाड होत चालली आहे, म्हणून जगाचा उन्हाळा वाढतो आहे. कार्बन डायऑक्साइडचं नाव तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण एक किलो मिथेन, पहिल्या वीस वर्षांचा हिशेब धरला तर, एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता अडवतो. ऐंशी पट! माणसाच्या उद्योगांमुळे जगात जेवढा मिथेन हवेत जातो, त्याचा साधारण पाचवा हिस्सा कचरा आणि सांडपाण्यातून येतो.

आता यातलीच चांगली बातमी. कार्बन डायऑक्साइड हवेत शेकडो वर्षं मुक्काम ठोकतो. मिथेन मात्र साधारण बारा वर्षांत विरून जातो. म्हणजे आज मिथेन सोडणं कमी केलं, तर त्याचा फायदा बघायला पणतवंडांची वाट बघावी लागणार नाही. आज सातवीत असलेली मुलगी नोकरीला लागेपर्यंत तो दिसू लागेल.

थोडं गणित करू या का? घाबरू नका, सोपं आहे. समजा तुमच्या घरातून रोज अर्धा किलो ओला कचरा निघतो. वर्षाचा झाला सुमारे १८० किलो. तो खोल ढिगात गाडला गेला, तर त्यातून पुढच्या काही वर्षांत ढोबळ मानानं आठ-नऊ किलो मिथेन निघेल. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे अर्ध्या सिलिंडरहून जास्त गॅस तुमचं घर दर वर्षी आभाळात सोडून देतं! तुमच्या वर्गात पन्नास मुलं असतील, तर पन्नास घरांचे मिळून तीस सिलिंडर. आईला विचारा, सिलिंडर वेळेवर आलं नाही तर काय होतं ते.

हे नुसतं पाटीवरचं गणित नाही बरं! २०२२ साली शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या मदतीनं चार शहरांच्या कचराभूमी वरून तपासल्या. ब्यूनोस आयर्स, लाहोर, दिल्ली आणि आपली मुंबई. मुंबईच्या एका कचराभूमीतून तासाला जवळजवळ दहा टन मिथेन निघताना दिसला. डोळ्यांना न दिसणारा वायू, पण उपग्रहाच्या यंत्रातून तो लपला नाही.

आमच्या सोसायटीची फजिती

मग करायचं काय? दोनच वाटा आहेत. एक, कचऱ्याला भरपूर हवा द्यायची. दुसरी, अजिबात हवा द्यायची नाही, पण बंद टाकीत, म्हणजे निघालेला मिथेन पकडता येतो. सगळी फसगत होते ती मधल्या वाटेनं गेल्यावर. ती कशी, हे आमच्याच सोसायटीत बघायला मिळालं.

काही वर्षांपूर्वी आमच्या कमिटीनं मोठ्या हौसेनं आवारात सिमेंटचा हौद बांधला. ‘आता आपण आपलं खत आपणच करणार!’ अशी सूचना फळ्यावर लागली. सगळ्यांनी ओला कचरा आणून ओतायचा आणि वास येऊ नये म्हणून वर लोखंडी झाकण. दोन आठवड्यांत असा वास सुटला की जिन्यातून जाताना नाक मुठीत धरावं लागे. खाली काळं पाणी साठलं, अळ्या झाल्या. तळमजल्याच्या काकू तर रोज कमिटीच्या नावानं शंख करायच्या. हौद बुजवायचाच, असं ठरत आलं होतं.

सुट्टीत आलेली माझी आठवीतली भाची झाकण उचलून आत डोकावली आणि म्हणाली, “मामा, यात हवा कुठून जाते?”

सगळे गप्प! हवा जायला जागाच नव्हती. आम्ही खत करत नव्हतो, छोटंसं देवनार करत होतो. मग गवंडी बोलावून हौदाला चारी बाजूंनी भोकं पाडली. आवारातला पालापाचोळा रोज कोपऱ्यात जाळला जायचा. तो धूर बंद झाला आणि पाचोळा हौदात येऊ लागला. एक घमेलं ओला कचरा, त्यावर एक घमेलं पाचोळा, थोडं जुनं आंबट ताक, आणि चार-पाच दिवसांनी फावड्यानं खालीवर. पाचोळा जादा पाणी शोषून घेतो आणि सालींच्या मध्ये हवेला वाट ठेवतो. एका थंड सकाळी वॉचमननं ढीग उकरला, तर त्यातून वाफा निघत होत्या! हवा घेणारे सूक्ष्मजीव कामाला लागले, की ढीग चांगला पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत तापतो. दोन-अडीच महिन्यांनी जे निघालं, त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास होता. तसा वास येणं हे काही कवीकल्पना नाही. पावसाच्या मातीला ज्या सूक्ष्मजीवांमुळे वास येतो, तेच खतातही असतात. काकूंच्या जास्वंदीला आता तेच खत असतं. शंख करणं बंद झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. आता पार्किंगवरून चालतं.

गाईपेक्षा भाताचा गॅस

आता दुसरी वाट. गावाकडे गोबरगॅस तुम्ही पाहिला असेल. शेणाचा काला टाकीत जातो, मिथेन शेगडीला येतो. पण शहरात गाई कुठून आणायच्या? पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेतले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे (‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई कर्वे यांचे चिरंजीव) यांनी हा प्रश्न उलटा करून पाहिला. गाय चाऱ्यातलं सगळं सत्त्व आधी स्वतः काढून घेते. शेण म्हणजे तिचं उरलंसुरलं. मग सूक्ष्मजीवांना ते उरलंसुरलं देण्यापेक्षा थेट चांगलंचुंगलं का देऊ नये? शिळा भात, पोळीचे तुकडे, वाया गेलेलं पीठ, सडकी फळं, आपल्याला जे पचतं ते त्यांनाही पचतं! २००३ साली त्यांनी प्लॅस्टिकच्या दोन टाक्या एकमेकींत उलटसुलट बसवून छोटं संयंत्र तयार केलं. संस्थेचा अनुभव असा, की दोन किलो पिष्टमय खरकट्यातून एका दिवसात जेवढा मिथेन मिळतो, तेवढ्यासाठी शेण चाळीस किलो लागतं आणि दिवसही चाळीस. २००६ साली या कामाला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. सुरुवातीला तेवढं थोडं शेण लागतं, दुधाला विरजण लागतं ना, तसं.

मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनीही असंच एक संयंत्र तयार केलं. त्याचं नाव ‘निसर्गऋण’. किती छान नाव आहे, नाही? आपल्या स्वयंपाकघरात मिक्सर असतो, तसा भलाथोरला मिक्सर आधी कचऱ्याचा लगदा करतो. मग पहिल्या टाकीत त्याला हवा आणि उन्हावर तापवलेलं गरम पाणी मिळतं, आणि दुसऱ्या मोठ्या टाकीत हवा बंद. वरची घुमटासारखी टाकी गॅस भरेल तशी हळूहळू वर उचलली जाते.

आणि मोठ्यात मोठं बघायचं, तर होळकरांच्या इंदूरला जायला हवं. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये एक प्रकल्प सुरू झाला. दिवसाला ५५० टन ओला कचरा घेऊन १७,००० किलो गॅस करण्याची त्याची क्षमता. तो शुद्ध करून सीएनजीसारखा वापरता येतो आणि शहरातल्या बससुद्धा त्यावर धावतात. कालच्या पोह्यांवर आजची बस!

पण थांबा. असे प्रकल्प बांधले आणि नंतर धूळ खात पडले, असं आपल्या अनेक शहरांत झालं आहे. त्याचं कारण यंत्रात नसून बहुतेक वेळा बादलीत असतं. खरकट्यात ब्लेड, पिशव्या, काचा, डायपर आले, की मिक्सरचं पातं अडकतं आणि सूक्ष्मजीवांचंही पोट बिघडतं. इंदूरला जमलं, कारण तिथे कचरा घरातूनच वेगळा होऊन गाडीत वेगळ्या कप्प्यांत पडतो.

इथे तुमच्यातला एखादा हुशार मुलगा हात वर करील. “पण आम्ही ओला-सुका वेगळा करून देतो, आणि घंटागाडीवाला दोन्ही एकत्रच टाकतो! मग आमचा काय उपयोग?” बाळा, तुझी तक्रार शंभर टक्के खरी आहे. पुष्कळ ठिकाणी असंच होतं आणि ते चूक आहे. २०१६ सालच्या देशाच्या नियमांत कचरा घरातच वेगळा करायचा आणि तो वेगळाच उचलायचा, असं दोन्ही सांगितलेलं होतं. तेव्हा गप्प बसू नका. आई-बाबांना घेऊन वॉर्ड ऑफिसात जा, नगरसेवकांना पत्र लिहा. मुलांच्या हस्ताक्षरातलं पत्र टेबलावर आलं, की मोठ्यांना ते बाजूला सारणं जरा जड जातं, असा माझा अनुभव आहे.

आणि कचरा मिसळल्यावर त्यात हात कोण घालतं, हेही आठवा. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली. तिच्यातल्या कितीतरी जणी तुमच्या दारात रोज येतात. खरकट्यात बुडालेला कागद त्यांना विकता येत नाही, आणि वर्तमानपत्रात न गुंडाळलेली फुटकी काच त्यांचा हात कापते. तिकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला. विहिरींचं पाणी नासलं, तेव्हा त्यांनी रस्त्यावर बसून कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरातल्या लोकांना त्या दिवसांत एकच काळजी होती, की आपली कुंडी का उचलली नाही!

मग जुन्या डोंगरांचं काय? त्यांच्या पोटातला वायू तर निघतच राहणार. दक्षिण कोरियाची राजधानी सोल. तिथे नानजीदो नावाचं एक बेट होतं, एके काळी फुलांसाठी प्रसिद्ध. १९७८ पासून १९९३ पर्यंत साऱ्या शहराचा कचरा तिथे पडला आणि जवळजवळ शंभर मीटर उंचीचे दोन डोंगर उभे राहिले. दिल्लीचा कुतुबमिनार ७३ मीटरचा आहे, यावरून अंदाज करा! मग त्यांनी डोंगर मातीनं झाकले, आत नळ खुपसले, त्यांतून मिथेन ओढून घेतला आणि त्यावर पाणी तापवून जवळच्या इमारती उबदार ठेवल्या. २००२ सालच्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी तिथे मोठं उद्यान खुलं झालं. पुढे, २००५ पासून, त्या देशानं खरकटं कचराभूमीत टाकण्यावर बंदीच घातली. आता अनेक इमारतींत खरकट्याचं वजन करणारे डबे आहेत. जेवढं टाकाल तेवढे पैसे भरा! आपल्याकडे हे सुरू झालं तर ताटात भाजी टाकणाऱ्यांची काही धडगत नाही.

तुम्हीच करून बघा

प्लॅस्टिकच्या एक लिटरच्या दोन बाटल्या घ्या. दोन्हींत बारीक चिरलेली सालं, मूठभर शिळा भात, चमचाभर शेण आणि अर्ध्यापर्यंत पाणी घाला. एका बाटलीच्या तोंडाला फुगा ताणून बसवा आणि दोऱ्यानं बांधा. दुसरीच्या तोंडाला नुसतं फडकं बांधा आणि ती रोज हलवा. बाटलीला घट्ट बूच मात्र कधीही लावू नका. आत वायू साठून ती फुटू शकते. दोन्ही बाटल्या उबदार जागी, देवघर आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. फुग्याजवळ काडी, मेणबत्ती, उदबत्ती, काहीही न्यायचं नाही. पहिले काही दिवस फुग्यात बहुतेक कार्बन डायऑक्साइडच भरतो. मिथेन करणारी मंडळी आळशी असतात, सावकाश येतात. महिनाभर रोज संध्याकाळी दोऱ्यानं फुग्याचा घेर मोजा आणि वहीत लिहा.

माझ्या भाचीनं हा प्रयोग केला तेव्हा अकराव्या दिवशी फुगा निसटला, आणि घरभर जो वास पसरला त्यावरून तिच्या आजीनं तिला आणि मला दोघांनाही गच्चीवर हाकललं. तेव्हा दोरा दोन वेढे घालून बांधा, आणि बाटल्या पहिल्यापासूनच गच्चीवर ठेवा.